हाताला कळणारी दोरी

फिलिपिन्समधल्या कोरोनच्या उपसागरात कोग्यो मारू हे जपानी मालवाहू जहाज उजव्या कुशीवर पडलेलं आहे. २४ सप्टेंबर १९४४ रोजी अमेरिकन नौदलाच्या विमानांनी इथं नांगरलेल्या जपानी जहाजांवर हल्ला चढवला, त्यात तेही गेलं. तळ साधारण ३४ मीटरवर आहे. सिमेंटच्या गोण्या जागच्या जागी दगड होऊन बसल्या आहेत, एक बुलडोझरही आहे. पण आत गेल्यावर पहिला गोंधळ उडतो तो दिशांचा. जमीन भिंत झालेली, भिंत छत झालेली आणि दारं आडवी. वर कुठे, हे बुडबुड्यांना विचारावं लागतं.

गोव्यात ग्रँड बेटापाशी उथळ पाण्यातलं मोडकं जहाज पाहून आलेले आपल्याकडचे डायव्हर इथं विचारतात, परतीच्या वाटेसाठी टाकायच्या दोरीचं रीळ कशाला? तिथे आत शिरण्याजोगं फारसं काही नाही, त्यामुळे प्रश्न रास्तच आहे. हौशी डायव्हरला पृष्ठभागापासूनची खोली आणि आतलं अंतर मिळून ४० मीटरच्या पुढे जायचं नाही, असं शिकवतात. म्हणजे दार पंचवीस मीटरवर असेल तर आत जेमतेम पंधरा मीटर. एवढ्यातही वाट चुकते.

रिळात नवलाचं काही नाही. चाक, मूठ, आवळायचा स्क्रू आणि विणलेली पांढरी नायलॉनची बारीक दोरी. नायलॉनच, कारण ते पाण्यात बुडतं. तरंगणारी दोरी छताला जाऊन चिकटते. ठरावीक अंतरावर गाठी मारलेल्या असतात, किती आत आलो ते बोटांना मोजता यावं म्हणून. पहिला बंध बाहेर, जिथून सरळ वर जाता येईल अशा मोकळ्या पाण्यात. दुसरा दाराच्या लगेच आत, कारण पहिला कुणाच्या तरी फिनने सुटू शकतो. गंजका पाईप जाड दिसतो, तरी ओढून पाहिल्याशिवाय त्याला दोरी द्यायची नाही. पत्र्याच्या कडा झिजून पात्यासारख्या झालेल्या असतात, त्यांच्यापासून ती लांब ठेवायची. पतंगाच्या फिरकीवर हात बसलेल्या पोरांना रीळ लवकर जमतं, फक्त ढील द्यायची सवय मोडावी लागते. सैल दोरी पायात येते, टाकीच्या व्हॉल्व्हमध्ये अडकते.

खरं कसब पुढे आहे. दोरी टाकताना आपल्याला दिसत असतं. ती वापरायची वेळ येते तेव्हा बहुतेक काहीच दिसत नसतं. कुणाचं चुकावं लागतं असंही नाही. पाय कितीही जपून मारा, आपलेच बुडबुडे वर्षानुवर्षं न हललेल्या छतावर आदळतात आणि गंजाचा भुगा खाली येतो. त्यात तळाचा गाळ उठला की दिवा म्हणजे नुसता तांबूस उजेड. मग अंगठा आणि तर्जनीची कडी दोरीभोवती, दुसरा हात पुढच्याच्या दंडावर.

आता समजा, वळणावर वेढा न घेता आपण तसेच पुढे गेलो होतो. ताण आला की दोरी आतल्या कोपऱ्याकडे सरकते आणि दोन पाईपांमधल्या फटीत जाऊन बसते. बाहेर पडणारा माणूस तिच्या मागे त्या फटीपाशी पोचतो. तिथून हात जातो, खांदा जातो, टाकी जात नाही. दोरी शाबूत, बांधलेलीही नीट, वाटही बरोबरच दाखवते आहे, पण माणूस अडकलेला. म्हणून प्रत्येक वळणाच्या अलीकडे एक वेढा, दोरी जिथून देह जातो त्याच बाजूला राहावी असा. शक्यतो एकाच भिंतीलगत न्यायची, आडवी ओलांडायची नाही. आणि प्रत्येक बंधानंतर मान वळवून मागे पाहायचं: डोळे मिटून इथून जाता येईल का? रीळवाला सर्वांत आधी आत शिरतो आणि दोरी गुंडाळत सर्वांत शेवटी बाहेर पडतो. त्यामुळे आपण टाकलेली वाट आधी दुसऱ्याच्या हातांना लागते.

पाण्याखालच्या गुहांत डायव्हिंग करणारा अमेरिकन शेक एक्सली याने १९७९च्या आपल्या पुस्तिकेत गुहांमधल्या मृत्यूंची चिकित्सा केली. बाहेरपर्यंत सलग दोरी नसणं हे त्यातलं एक ठळक कारण होतं. परतीसाठी दोन-तृतीयांश हवा न राखणं हे दुसरं. जहाजाला हे दोन्ही नियम जसेच्या तसे लागू पडतात.

तरीही ‘हे जहाज मला पाठ आहे’ म्हणत रिळाशिवाय पाहुण्यांना आत नेणारे गाईड भेटतात. त्यांना ते पाठ असतं हे मला मान्य आहे, पण डोळ्यांनी. शिवाय पोलाद दरवर्षी कुजतं; गेल्या मोसमातला भक्कम पत्रा या मोसमात खाली आलेला असतो. जुन्या दोऱ्याही आत लोंबकळत असतात, कुणी, कधी, कुठे बांधल्या कळत नाही. त्यांवर मी हात ठेवत नाही. आमची दोरी आम्ही पुरती गुंडाळूनच बाहेर येतो, उद्या सकाळी त्याच दारातून आत जायचं असलं तरी. रात्रभर पाणी हलत राहतं आणि दोरी कडेवर घासत राहते.