आपल्यातले

इंग्लंडमधल्या मराठी घरांत जात कुणी विचारत नाही. आडनाव विचारतात. जाधव, गायकवाड, पवार अशा आडनावांनी उलगडा झाला नाही, तर गाव विचारतात. मग कुलदैवत, मग गणपती दीड दिवसाचा की पाच दिवसांचा. शेवटी ताट वाढताना सहज विचारल्यासारखं, ‘तुमच्याकडे मासे-मटण चालतं ना?’ एवढ्या पायऱ्या उतरल्यावर यजमानीणबाईंचा चेहरा खुलतो किंवा तसाच राहतो. खुलला तर त्या स्वयंपाकघराकडे वळून म्हणतात, ‘अहो, हे आपल्यातलेच निघाले!’

या देशात इतकी वर्षं राहून मला सर्वांत जास्त टोचणारा मराठी शब्द कुठला असेल, तर तो हा ‘आपल्यातले’. परमुलखात तो ऐकावासा वाटतो. पावसाळी रविवारी कुणी आपल्या बोलीत हाक मारली की जीव सुखावतो, हे मी नाकारत नाही. पण त्याच शब्दाने खोलीतला दुसरा कुणी मुकाट्याने बाहेर ढकलला जातो, आणि ढकलणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो. ‘समाज’, ‘आमची मंडळी’, ‘घरंदाज’ हे त्याचेच सोबती. जातीचं नाव न घेता जात पाळायची सोय मराठीने फार मुबलक करून ठेवली आहे. दलित घरातल्या माणसाला त्या पायऱ्यांतली प्रत्येक पायरी ओळखू येते. दुसऱ्या प्रश्नालाच त्याला कळतं, आपण कुठे पोहोचणार आहोत.

माझी मुलगी इथल्या शाळेत धर्मांच्या तासाला हिंदू धर्म शिकली, तेव्हा वहीत त्रिकोण काढून आली. चार आडव्या पट्ट्या, वर ब्राह्मण, खाली शूद्र. ‘आई, आपण यात कुठे?’ मी तिला वरच्या पट्टीवर बोट ठेवून दाखवलं. मग सांगितलं की तुझ्या पणजीच्या घरी अंगण झाडायला येणाऱ्या बाईंसाठी कान तुटलेला कप बाहेरच्या कोनाड्यात वेगळा असायचा, आणि त्या बाईंची पट्टी तुझ्या चित्रात काढलेलीच नाही. ती बराच वेळ प्रश्न विचारत राहिली. सगळ्यांची उत्तरं दिली. मुलांना हे दहाव्या-अकराव्या वर्षी आईकडून कळावं, वधूवर मेळाव्यात कळू नये, असं मला मनापासून वाटतं.

ब्रिटिश समाजाला स्वतःची उतरंड आहेच. उच्चारावरून, शाळेवरून, रात्रीच्या जेवणाला काय म्हणता यावरून इथे माणूस तोलला जातो. पण पैसा, शिक्षण, एखादी पिढी, एवढ्यावर तो वर्ग ओलांडता येतो. जात म्हणजे बंदिस्त झालेला वर्ग, ही मांडणी पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी मे १९१६ मध्ये न्यूयॉर्कला वाचलेल्या निबंधात केली होती. आपसातच लग्नं करण्याच्या नियमाने ती बंद होते आणि बंद राहते, हे त्यांनी तेव्हाच दाखवलं. त्याच वर्षी ते लंडनला आले. पुन्हा आले ते १९२० मध्ये. १९२१-२२ मध्ये ते जिथे राहिले, ते किंग हेन्रीज रोडवरचं १० नंबरचं घर महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये विकत घेतलं. त्याचं संग्रहालय करायला स्थानिक कौन्सिलने आधी नकार दिला, मग चौकशी झाली आणि २०२० मध्ये परवानगी मिळाली. मुंबईहून येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला मी आधी तिथे नेते.

दुसऱ्या महायुद्धानंतर ओतकामाच्या भट्ट्यांत आणि कारखान्यांत राबायला पंजाबातले चर्मकार आणि वाल्मीकी इथे आले. बर्मिंगहॅमचं गुरू रविदास भवन, कॉव्हेंट्रीचं वाल्मीकी मंदिर, ही त्यांनी स्वतः उभारलेली घरं. वेगळी का उभारावी लागली, याचं उत्तर त्या पाट्यांतच आहे. या लोकांच्या रेट्याने जातीचा प्रश्न ब्रिटिश संसदेत गेला. २०१० च्या समता कायद्यात कलम ९ मध्ये एक वाक्य आलं: मंत्री हवं तर जातीला वंशाचा एक पैलू म्हणून जोडू शकेल. त्याच वर्षी सरकारनेच करवून घेतलेल्या अभ्यासात कामाच्या जागी आणि सेवांमध्ये जातीवरून छळ होत असल्याचे दाखले पुढे आले. २०१३ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने हट्ट धरला आणि ‘करू शकेल’चं ‘केलंच पाहिजे’ झालं. कायद्याच्या टिपणांत तर जात आणि बिरादरी हे शब्द आपल्याच रूपात उतरले आहेत. ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला भरून आलं होतं.

मग पाच वर्षं काही घडलं नाही. हिंदू संघटनांतल्या अनेकांनी विरोध केला. म्हणणं असं की, जी गोष्ट इथे विरत चालली आहे तिला कायद्याने नाव देऊन जिवंत का करता? आमच्या मराठी मंडळींतही हे पुष्कळांनी बोलून दाखवलं. मला ते पटत नाही. नाव न घेतल्याने विरणारी गोष्ट असती, तर ‘आपल्यातले’ म्हणता म्हणता ती केव्हाच विरली असती. जुलै २०१८ मध्ये सरकारने, सोळा हजारांवर लोकांची मतं मागवून झाल्यावर, कायद्यात जात घालायची नाही असं ठरवलं. न्यायालयं बघून घेतील, म्हणाले.

न्यायालयापुढे एक स्त्री आधीच उभी राहिली होती. बिहारमधून घरकामाला आणलेली आदिवासी, ख्रिस्ती. मिल्टन कीन्समधल्या घरात साडेचार वर्षं, दिवसाला अठरा-अठरा तास, तासाला अकरा पेन्स. २०१५ मध्ये तिला बुडवलेल्या वेतनापोटी १ लाख ८३ हजार ७७३ पौंड मंजूर झाले. पण त्याआधी, जातीचा मुद्दा मांडता तरी येतो का, यावरच वरच्या न्यायाधिकरणापर्यंत झगडावं लागलं. डिसेंबर २०१४ मध्ये तिथे निघालेला निष्कर्ष असा की ‘वांशिक मूळ’ या शब्दांत काही प्रकरणांपुरती जात बसू शकेल.

जात हा वंशभेद नव्हे, हे आंबेडकरांनी १९३६ मध्ये ठणकावून लिहिलं होतं. आज इथल्या एखाद्या केअर होममध्ये ‘तू कुठल्या लोकांतली ते ठाऊक आहे’ असं जिला ऐकवलं जातं, तिला आपली जातही ‘वांशिक मूळ’ या शब्दांत बसते, हे सिद्ध करावं लागतं, तेव्हाच तिची तक्रार कायद्यापुढे उभी राहते.