गाणी जपणारा पोलीस

माझी नानी जात्यावर डाळ भरडताना गात असे. गाणी दखनी बोलीतली. जात्याची घरघर आणि नानीचा आवाज यांचा मेळ इतका छान जमे, की मी खेळ सोडून तिच्याजवळ जाऊन बसे. पुढे मी शिक्षक झालो. ‘नानीची गाणी एकदा लिहून घेऊ,’ असे दर सुट्टीत ठरवायचो आणि पुढच्या सुट्टीवर ढकलायचो. एके दिवशी नानी गेली. आज मला तिच्या एका गाण्याची चाल आठवते, शब्द आठवत नाहीत.

म्हणूनच फ्रान्सिस ओनील यांची हकिकत वाचली, तेव्हा ती माझ्या मनाला लागली. ती तुम्हांला सांगतो.

ओनील यांचा जन्म १८४८ साली आयर्लंडमधील कॉर्क परगण्यात झाला. आईवडिलांच्या तोंडची जुनी गाणी ऐकत ते वाढले, गावातच बासरी शिकले. तरुणपणी घर सोडून ते जहाजावर खलाशी झाले. एकदा प्रशांत महासागरात त्यांचे जहाज फुटले. दुसऱ्या एका जहाजाने सर्वांना वाचवले. पण त्यावर अन्न फार थोडे होते. त्या जहाजावरील एका खलाशापाशी बासरी होती. ओनील यांनी ती मागून घेतली आणि वाजवून दाखवली. तो खलाशी इतका खूश झाला, की आपल्या वाट्याचे अन्न त्यांना देऊ लागला. दोघांचे देश वेगळे, भाषा वेगळी. पण सूर कळायला भाषा कशाला हवी?

पुढे ते अमेरिकेत गेले आणि १८७३ साली शिकागोच्या पोलीस दलात भरती झाले. त्याच वर्षी एका चोराची गोळी त्यांच्या पाठीत शिरली. ती जन्मभर तशीच राहिली. अशी नोकरी करत १९०१ साली ते त्या शहराचे पोलीसप्रमुख झाले.

१८४५ नंतर आयर्लंडमध्ये बटाट्याचे पीक कुजून भयंकर दुष्काळ पडला होता. लाखो लोक देश सोडून अमेरिकेत आले होते. त्यांच्या गाठोड्यांत फारसे काही नव्हते. पण ओठांवर गाणी होती. मायदेशी जे वादक एकमेकांना कधी भेटले नसते, ते शिकागोत शेजारी राहू लागले. ओनील त्यांना शोधत, त्यांच्याजवळ बसून धुना ऐकत. त्यांतल्या कितीतरी धुना कोठेच लिहिलेल्या नव्हत्या. म्हातारा वादक गेला, की त्याच्या धुनाही त्याच्याबरोबर जाणार होत्या.

अडचण एकच होती. ओनील यांना सूर कागदावर उतरवता येत नव्हते. पण त्यांच्याच दलात जेम्स ओनील नावाचे एक व्हायोलिनवादक होते. आडनाव एक असले, तरी दोघांचे नाते नव्हते. जेम्सना ती विद्या येत होती. मग फ्रान्सिस आठवणीतल्या धुना ऐकवत आणि जेम्स लिहून घेत. सुरुवात झाली ती आईवडिलांकडून ऐकलेल्या गाण्यांपासून! पदाने मोठ्या असलेल्या या माणसाला हाताखालच्या माणसाची मदत घेण्यात कमीपणा वाटला नाही.

१९०३ साली त्यांचे पुस्तक निघाले. त्यात १,८५० धुना होत्या. १९०७ साली दुसरे निघाले, त्यात १,००१. ओनील १९३६ साली वारले; पण त्यांच्या पुस्तकांवरून आजही वादक शिकतात.

मित्रांनो, ओनील यांच्यापाशी नव्हते ते माझ्या खिशात होते. मोबाइलची एक कळ दाबली असती, तर नानीचा आवाज आज घरात असता. साधन होते, वेळही होता. मी फक्त ‘उद्या’ म्हणत राहिलो.

तुमच्या घरी दादी असेल, नानी असेल, शेजारी एखादे वृद्ध चाचा असतील. आज घरी गेलात, की त्यांच्याजवळ बसा. एखादे जुने गाणे म्हणायला सांगा आणि वहीत लिहून घ्या. उर्दूत लिहा, मराठीत लिहा, जसे जमेल तसे लिहा. पण आजच लिहा.