लिफ्ट चालू आहे, मॅडम

मागच्या वर्षी श्रावणात मंगळागौरीची तालीम आमच्याच हॉलमध्ये होती. तिसऱ्या फुगडीला मी हात सोडले आणि धापा टाकत सोफ्यावर बसले. साठीच्या काकू मात्र गाणं म्हणत पुढची फुगडी घालत होत्या. "अगं, तू चहा टाक, तेवढाच व्यायाम," त्या म्हणाल्या. सगळ्या हसल्या, मीही हसले. माझा रिपोर्ट त्याच आठवड्यात आला होता, तो मात्र कुणाला सांगितला नव्हता. एचबीएवनसी ६.१. म्हणजे ५.७ ते ६.४ च्या मधली, मधुमेहाच्या उंबरठ्यावरची. आई सांगलीत रोज इन्सुलिन टोचून घेते, त्यामुळे उंबरठ्यापलीकडचं घर माझ्या चांगलं माहितीचं.

"आठवड्याला निदान दीडशे मिनिटं, दम लागेल असं काहीही करा," डॉक्टर म्हणाले. या 'काहीही'नंच घोळ घातला.

आधी चालायला गेले. दुबईचा ऑगस्ट! पहाटे साडेपाचला दारातून बाहेर पाऊल टाकलं की चष्म्यावर वाफ. मग तळमजल्यावरची ट्रेडमिल. २२० मधून वय वजा करायचं, माझे उरले १८४. नाडी त्याच्या ५० ते ७० टक्के हवी, म्हणजे ९२ ते १२९. मी चालण्यापेक्षा आकडेच बघत राहिले, पर्यवेक्षकानं घड्याळ बघावं तशी. नऊ दिवस टिकले. झुंबा खरं तर आवडला, पण उड्यांनी गुडघा कुरकुरला आणि क्लासची वेळ नेमकी लेकीच्या शाळेच्या बसची. पोहणं गुडघ्याला उत्तम म्हणतात. पण कृष्णाकाठची असून मला पोहता येत नाही. आमच्याकडे मुलगे पुरात उड्या टाकायचे आणि आम्ही घाटावर त्यांचे कपडे सांभाळायचो.

नोव्हेंबरात एकदा लिफ्ट बंद पडली. दोन पिशव्या भाजी घेऊन नऊ मजले चढले. सातव्यावर थांबले तेव्हा एकदम शाळा आठवली. माझा वर्ग तिसऱ्या मजल्यावर होता. वह्यांचा गठ्ठा छातीशी धरून दिवसातून चार-पाच वेळा वर-खाली, अशी सहा वर्षं. त्याला व्यायाम म्हणायचं कधी सुचलं नाही. नोकरी सुटली त्याचं वाईट वाटून झालं होतं, पण तिच्याबरोबर जिनाही सुटला हे लक्षातच आलं नव्हतं.

डॉक्टरांना विचारून दुसऱ्या आठवड्यापासून सुरू केलं. चढायचं जिन्यानं, उतरायचं लिफ्टनं, कारण गुडघ्यावर भार येतो तो जास्त उतरताना. पहिल्या दिवशी दोन फेऱ्या झाल्या, आता पाच होतात. नाडी मोजणं सोडून दिलं. बोलता यावं पण गाता येऊ नये, इतका दम पुरे असतो. म्हणून मी चढताना एकोणतीसचा पाढा म्हणते. चालीत म्हणता आला तर वेग वाढवायचा, मध्येच तुटायला लागला तर कमी करायचा. (काकूंना फुगडी घालताना गाता येत होतं, याचा अर्थ मला आता कळतो.)

एक सांगून ठेवते. आगीच्या जिन्याचे दरवाजे सगळीकडे आतून उघडत नाहीत. मी पाचव्यावर अडकले आणि मुकाट्यानं तळापर्यंत उतरले. त्या दिवशी गुडघ्यानं हिशोब मागितला. तेव्हापासून फोन बरोबर असतो. जिन्यात एसी नाही, त्यामुळे जून ते सप्टेंबर दुकानं उघडायच्या आधी मॉलमध्ये फेऱ्या मारते. त्या मला अजून कंटाळवाण्याच वाटतात, पण चुकवत नाही.

एप्रिलमध्ये आकडा ५.८ आला. आईला फोनवर सांगितलं, तर म्हणाली, "गोड सोडलंस का?" सोडलं नाही, कमी केलंय. यंदाच्या चकल्यांबद्दल मात्र काही विचारू नका.

आमच्या वॉचमनला अजून उलगडा झालेला नाही. मी जिन्याचं दार ढकलताना दिसले की तो खुर्चीतून अर्धवट उठतो आणि काळजीनं सांगतो, "मॅडम, लिफ्ट चालू है."