मागच्या रेषेपर्यंत

रुडी हार्टोनोने ऑल इंग्लंडची एकेरी आठ वेळा जिंकली, हे बॅडमिंटनवाल्या कुणालाही झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं. १९८० साली प्रकाश पदुकोण जिंकला तेव्हा फायनलला समोर लिम स्वी किंग होता, हेही. पण त्याच स्पर्धेत महिला एकेरी दहा वेळा जिंकणाऱ्या बाईचं नाव विचारलं, की माझे कोचिंगमधले सहकारीसुद्धा छताकडे पाहायला लागतात. तिचं नाव ज्युडी डेव्हलिन, लग्नानंतरची ज्युडी हॅशमन. १९५४, १९५७, १९५८, मग १९६० ते १९६४ सलग पाच, आणि शेवटी १९६६ आणि १९६७. मधली चार वर्षं निसटली, ती मार्गारेट व्हार्नर, हेदर वॉर्ड आणि अर्सुला स्मिथ यांनी घेतली. तेवढी सोडली तर चौदा वर्षं महिला एकेरीचा कप एकाच घरात होता.

आजच्या पोरींना 'ऑल इंग्लंड' म्हटलं की वर्षभरातल्या अनेक मोठ्या स्पर्धांपैकी एक वाटते. तेव्हा तसं नव्हतं. जागतिक अजिंक्यपद स्पर्धा सुरू झाली १९७७ साली, ऑलिंपिकमध्ये पदकासाठी बॅडमिंटन आलं ते १९९२च्या बार्सिलोनात. त्याआधी मार्च महिन्यात लंडनला जो जिंकायचा, तो जगाचा विजेता मानला जायचा. ज्युडी पहिल्यांदा जिंकली ती अर्ल्स कोर्टच्या एम्प्रेस हॉलमध्ये, बाकीच्या नऊ वेळा वेंब्लीला. दुहेरीची सात विजेतेपदं वेगळी.

तिचा जन्म २२ ऑक्टोबर १९३५चा, कॅनडातल्या विनिपेगचा. वाढली अमेरिकेत, बाल्टिमोरला. आणि बॅडमिंटन घरात आलेलं डब्लिनहून. वडील फ्रँक डेव्हलिन हे आयर्लंडचे, १९२०च्या दशकातले सर्वांत मोठे खेळाडू. ऑल इंग्लंडची एकेरी त्यांनी स्वतः सहा वेळा जिंकलेली, आणि एकूण विजेतेपदं १८. मुलीची एकूण १७. बापाशी बरोबरी एका विजेतेपदाने हुकली, याची तिला रुखरुख होती का, ते देव जाणे. पण एकेरीत तिने त्यांना कधीच मागे टाकलं होतं. थोरली बहीण सुसान हीसुद्धा अव्वल दुहेरीची खेळाडू, पुढे आयर्लंडमध्ये लग्न करून स्थायिक झालेली.

डेव्हलिनांच्या घराबद्दल वाचताना मला पुण्यातलं एक घर आठवतं. क्रिकेटचे प्रा. दि. ब. देवधर आणि त्यांच्या तारा, सुंदर, सुमन या मुली. १९४०च्या दशकात आपल्या राष्ट्रीय बॅडमिंटनमध्ये या बहिणींचा दबदबा होता. घरात स्वतः मैदान गाजवलेले वडील असले, की मुलींना 'कशाला खेळायचं' हा प्रश्नच विचारावा लागत नाही. तो प्रश्न घरातून निघून गेला की अर्धी मॅच जिंकल्यासारखी असते. बाहेरच्या प्रश्नांची गोष्ट वेगळी.

आता माझ्या आवडीच्या विषयाकडे येते. ती जिंकायची कशी?

हातात लाकडी रॅकेट. खेळ संपला की वाकू नये म्हणून प्रेसमध्ये घालून ठेवायची. आजची रॅकेट ८०-९० ग्रॅमची असते, आठ वर्षांचं पोरही मनगटाच्या झटक्यात स्मॅश मारतं. लाकडी रॅकेट त्याहून बरीच जड. तिने शटल मागच्या रेषेवरून मागच्या रेषेवर पाठवायचं म्हणजे १३.४० मीटरचं कोर्ट पार करायचं, आणि शटलचं वजन जेमतेम पाच ग्रॅम. नुसत्या ताकदीने ते होत नाही. पाय वेळेवर शटलखाली पोचले पाहिजेत, खांदा वळलेला हवा, संपर्क डोक्याच्या किंचित पुढे. यातलं एक चुकलं की हा फटका, म्हणजे क्लिअर, अर्ध्या कोर्टात पडतो आणि समोरची तो जमिनीत गाडते.

त्यात गुणांची पद्धत. महिला एकेरी ११ गुणांची असायची, आणि गुण फक्त सर्व्हिस करणाऱ्याला मिळायचा. रॅली हरलात तर सर्व्हिस जायची, गुण नाही. त्यामुळे पाटीवर ६-६ असंच लागलेलं आणि खाली दोघी घामाघूम, पंच नुसते 'सर्व्हिस ओव्हर' म्हणतायत, असं बराच वेळ चालायचं. २००६ साली २१ गुणांची रॅली पद्धत आली आणि हा सगळा प्रकार संपला. आज प्रत्येक चुकीची किंमत लगेच मोजावी लागते. तेव्हा चूक कधीकधी फुकट जायची, म्हणून लोकांना वाटतं की तो खेळ सोपा होता. मला उलट वाटतं. गुण मिळत नसतानाही तीच लांबी, तीच उंची पुन्हा पुन्हा राखायची, हे थकवणारं काम आहे. त्या पद्धतीत झटपट संपवायची घाई असलेली खेळाडू स्वतःच संपायची.

ज्युडीच्या खेळाबद्दल तिच्या काळातल्या लोकांनी जे सांगितलं, त्यात एकाग्रता आणि अचूकपणा हे दोन गुण सारखे येतात. कोच म्हणून मला यात कुठलं गूढ दिसत नाही. उंच सर्व्हिस मागच्या रेषेवर, मग क्लिअर डाव्या कोपऱ्यात, मग उजव्या. समोरची मागे अडकली की त्याच हालचालीतून जाळीलगत ड्रॉप. चारही कोपरे झाडूने काढल्यासारखे स्वच्छ करायचे आणि मारायचा फटका शेवटी, तोही गरज पडली तर. हे मी वर्गात शिकवते तेव्हा मुली कंटाळतात. मोबाईलवर त्यांनी पाहिलेलं असतं ते जंप स्मॅशचं दोन सेकंदांचं चित्र. त्याआधीचे वीस फटके कुणी कापून टाकलेले असतात.

ज्युडीचा हा खेळ संघालाही उपयोगी पडला. महिला संघांसाठी जागतिक स्पर्धा असावी ही कल्पना इंग्लंडच्या बेटी उबर यांची. त्यांच्याच नावाचा उबर कप १९५७ साली इंग्लंडमध्ये लिथम सेंट ॲन्सला पहिल्यांदा खेळला गेला, आणि अमेरिकेने डेन्मार्कला ६-१ असं हरवलं. संघात ज्युडी होती, मार्गारेट व्हार्नरही होती, म्हणजे ऑल इंग्लंडमधल्या दोघी प्रतिस्पर्धी एका बाजूला. १९६० आणि १९६३चा कपही अमेरिकेने नेला, १९६३ला इंग्लंडला ४-३ असं निसटतं हरवून. सात सामन्यांपैकी तीन एकेरी असत, तेव्हा न हरणारी एकेरीची खेळाडू संघात असणं म्हणजे काय, ते वेगळं सांगायला नको. त्यानंतर अमेरिकेला हा कप कधीच मिळाला नाही. आजच्या मुलींना मी सांगते की महिला बॅडमिंटनमधली पहिली महासत्ता अमेरिका होती, तर त्या हसतात.

या सगळ्यात पैसा कुठे होता? नव्हता. सगळे हौशी. जिंकलं की कप, टाळ्या, आणि परत कामाला. हौशीपणाचं कौतुक करणाऱ्या जुन्या लेखांचा मला थोडा राग येतो. ज्यांना परवडत होतं तेच हौशी राहू शकत होते. स्वतःच्या देशाबाहेर समुद्र ओलांडून दरवर्षी खेळायला जाणं कुणाच्या खिशाला झेपायचं? आपल्याकडच्या कितीतरी चांगल्या मुली त्या काळात लंडनला पोचल्याच नाहीत, आणि कारण खेळातलं नव्हतं. ज्युडीची गुणवत्ता यामुळे कमी होत नाही; तिच्यासमोर कोण येऊ शकत होतं, एवढंच यातून कळतं.

१९६० मध्ये तिने इंग्लंडच्या हॅशमन यांच्याशी लग्न केलं आणि ती तिकडेच राहिली. उबर कप मात्र त्यानंतरही अमेरिकेसाठीच खेळली. देशातली स्पर्धाही सोडली नाही, अमेरिकेची राष्ट्रीय एकेरी तिने बारा वेळा जिंकली.

मग जपान आलं. १९६६ साली वेलिंग्टनला जपानच्या मुलींनी उबर कप उचलला. त्यांची पद्धत वेगळी होती, दमच संपत नाही अशी. पाय सतत हलते, शटल जमिनीला लागूच द्यायचं नाही, रॅली लांबवायची. म्हणजे ज्युडीचंच शस्त्र, पण सामूहिक सरावाने धार लावलेलं. १९६७च्या ऑल इंग्लंडच्या फायनलला समोर नोरिको ताकागी होती. ज्युडीने वयाची तिशी ओलांडलेली. पहिला गेम ताकागीने घेतला. तिथून पुढचे दोन गेम ज्युडीने काढले. माझ्या मते तिच्या दहा विजयांतला हा सर्वांत मोठा, कारण आधीच्या कित्येक वर्षांत तिच्यापेक्षा जास्त वेळ रॅली खेळायला तयार असलेली कुणी समोर उभी राहिलीच नव्हती. त्यानंतर तिने अव्वल एकेरी सोडली. दोनच वर्षांनी, १९६९ साली, हिरोए युकी जिंकली आणि ऑल इंग्लंडची महिला एकेरी पहिल्यांदा जपानला गेली.