क्लच आणि जमाबंदी

प्रशासनावरील लेखांमध्ये मोटारीच्या दुरुस्तीला स्थान कशासाठी, असा प्रश्न वाचकांना पडणे स्वाभाविक आहे. परंतु गेल्या उन्हाळ्यात तंजावर येथे माझ्या छोट्या गाडीच्या क्लचने मला जे शिकवले, ते अनेक परिपत्रकांनी शिकवले नव्हते. शिवाय या प्रकरणात माझ्या हातून एका माणसावर अन्याय घडला. त्याची नोंद करणे मी कर्तव्य समजतो.

प्रथम गाडीविषयी. डाव्या पायाला विश्रांती देणारी ही गिअरपद्धती २०१४ साली मारुतीच्या सेलेरिओबरोबर भारतातील स्वस्त छोट्या गाड्यांत आली आणि पुढे अनेक कंपन्यांनी ती स्वीकारली. माझी गाडी कोणत्या कंपनीची, हे येथे गौण आहे, कारण तत्त्व सर्वत्र एकच. पुष्कळांचा समज असतो की ही संपूर्ण स्वयंचलित गाडी आहे. वस्तुतः आत नेहमीचाच हाताने बदलायचा गिअरबॉक्स आणि नेहमीचीच कोरडी क्लचप्लेट असते. फरक इतकाच की क्लच दाबण्याचे आणि गिअर टाकण्याचे काम माणसाऐवजी एक यंत्र करते. माझ्या गाडीत ते तेलाच्या दाबावर चालते आणि त्याला हुकूम देते एक इलेक्ट्रॉनिक पेटी. क्लच नेमका कोठे पकडू लागतो, ते स्थान या पेटीच्या स्मरणात नोंदवलेले असते.

तंजावरहून तिरुवैयारूला जाणारा रस्ता जेमतेम बारा-तेरा किलोमीटरांचा. त्यागराजांच्या समाधीकडे नेणाऱ्या या रस्त्यावर कावेरीच्या शाखांचे पूल एकामागून एक येतात. प्रत्येक पुलाच्या लहानशा चढावर माझी गाडी हिसके देऊ लागली. पहिल्यावरून दुसऱ्या गिअरमध्ये जाताना ती क्षणभर अडखळे आणि मग पाठीत कोणी ढकलावे तशी पुढे उसळे. एकदा एका अरुंद पुलाच्या तोंडाशी ती थांबून पुन्हा निघताना हातभर मागे घसरली. मागे दुचाकीवर एक बाई आणि तिचे मूल होते. सुदैवाने काही झाले नाही.

गाडी चालवत होते एक वयस्क गृहस्थ. शेजारीपाजारी त्यांना 'पेरियवर', म्हणजे वडीलधारे, म्हणत. दोन महिन्यांपासून ते मला एकच वाक्य ऐकवत होते, "लेटा पिडिक्कुदु, सार." उशिरा पकडते, साहेब. मला तमिळ समजत होते, पण निवेदन समजत नव्हते. त्यांचे वय आणि जन्मभर ट्रक चालवून जड झालेला पाय, यांतच मी कारण शोधले होते. त्या दिवशी पुलावरून परतल्यावर मी त्यांचा हिशेब चुकता केला आणि उद्यापासून येऊ नका, असे सांगितले. ते काही बोलले नाहीत. किल्ली टेबलावर ठेवून निघून गेले.

दुसऱ्या दिवसापासून गाडी मी चालवू लागलो. हिसके तसेच होते.

एका मोठ्या कार्यशाळेत गाडी दिली. तेथे संगणक जोडला गेला, पडद्यावर कोणताही दोषक्रमांक उमटला नाही आणि कागदावर शेरा आला : दोष आढळला नाही. हा शेरा वाचून मी ओशाळलो, कारण अशा भाषेत मी स्वतः किती अर्ज निकाली काढले असतील, याची गणती नाही.

अखेर एका लहान गॅरेजच्या कारागिराने कोडे उलगडले. त्याने आधी तेलाची पातळी आणि बॅटरी तपासली, कारण या दोन्हींत उणीव असली तरी अशीच लक्षणे दिसतात. मग तो म्हणाला, की प्लेट झिजते तसे पकडीचे स्थान सरकते. पेटी थोडेफार आपण होऊन जुळवून घेते, पण अंतर फार पडले की ती जुन्या नोंदीवरच हुकूम सोडत राहते. पेटीच्या दृष्टीने सर्व ठीक असते, म्हणून दोषक्रमांक उमटत नाही. गाडी सपाट जागी उभी करून, हँडब्रेक लावून, त्याने स्कॅनर जोडला आणि पेटीला पकडीचे स्थान पुन्हा शिकवले. दहा-पंधरा मिनिटांत काम आटोपले. प्लेट अजून जाड होती, म्हणून एवढ्यावर भागले. ती जळालेली किंवा पार झिजलेली असती, तर क्लचचा संच बदलून मग हीच शिकवणी द्यावी लागली असती.

त्या दिवसांत येथील तालुका कचेऱ्यांत जमाबंदी चालू होती. हा शब्द तमिळनाडूत आजही नित्य वापरात आहे. ३० जून रोजी फसली वर्ष संपते. त्याच्या सुमारास दरवर्षी महसूल अधिकारी तालुक्याला बसतात, गावोगावचे अधिकारी आपली दप्तरे घेऊन येतात आणि नोंदी तपासल्या जातात. लोकही आपले अर्ज घेऊन समोर येतात. जमीन झिजत नसली तरी तिच्यावरील पीक, कब्जा आणि माणसे बदलतात. दप्तराने ते वर्षातून एकदा तरी नव्याने शिकावे, हा या प्रथेचा अर्थ मला त्या गॅरेजमध्ये कळला. शासनाचे इंजिन जोरदार असते, चाकेही जागेवर असतात. हिसका बसतो तो दोहोंच्या मधल्या पकडीत. आणि पकड सरकल्याची पहिली बातमी दप्तर देत नाही, गाडी चालवणारा देतो.

अशी गाडी असणाऱ्यांसाठी दोन व्यावहारिक सूचना. चढावर गाडी ॲक्सिलरेटरवर तोलून धरू नये, त्याने क्लच जळतो. ब्रेक किंवा हँडब्रेकच वापरावा. गिअर बदलण्याच्या क्षणी पाय किंचित सैल केल्यास धक्का पुष्कळ कमी होतो. ही दुसरी युक्ती मला पेरियवरांनीच सांगितली होती.

त्याच संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेलो. आपलेच खरे होते, माझी चूक झाली, असे माझ्या मोडक्या तमिळमध्ये सांगितले. त्यांनी मला बसायला खुर्ची दिली आणि फक्त एवढेच विचारले, "इप्पो पिडिक्कुदा, सार?" आता पकडते का?

मी गाडीची किल्ली त्यांच्यापुढे ठेवली. ती उचलायला त्यांनी बराच वेळ घेतला.