शिट्टीवाल्याचं काय चुकलं?

आमच्या होस्टेलवर क्रिकेटसाठी भांडणारे शंभर सापडतील. फुटबॉलसाठी रात्री दोनलाही पंधरा-वीस जण जागे असतात. पण रग्बीचं नाव काढलं की हमखास प्रश्न येतो, "ते हेल्मेट घालून खेळतात तेच ना?" नाही हो, ते अमेरिकन फुटबॉल. रग्बीत डोकं उघडंच असतं, म्हणून तर सगळी भानगड.

मला हा नाद लावला माझ्या मावसभावाने. दादा ऑकलंडला नोकरीला आहे. तिकडे गेल्यावर दोन वर्षांत माणूस असा काही बदलला की फोनवर आधी ऑल ब्लॅक्स आणि मग घरची खुशाली. २८ ऑक्टोबर २०२३ ला पॅरिसमध्ये विश्वचषकाची फायनल झाली, न्यूझीलंड विरुद्ध दक्षिण आफ्रिका. आपल्याकडे रात्रीचे साडेबारा आणि दादाकडे रविवारची सकाळ. मी तेव्हा फर्स्ट इयरला. रूमवर चौघं लॅपटॉपला चिकटलेले. त्यातल्या तिघांना नियम माहीत नव्हते, पण हाणामारी आवडत होती.

दक्षिण आफ्रिका १२-११ ने जिंकली. एका गुणाने! त्याआधी क्वार्टर फायनलला फ्रान्सला २९-२८ आणि सेमीला इंग्लंडला १६-१५. तिन्ही वेळा एकच गुण. आपल्याकडे एखाद्याने सलग तीन पेपर असे चाळीसवर काढले तर त्याला नशीबवान म्हणतात, मी मात्र त्याला तयारी म्हणेन. दादाला हे पटत नाही.

दादाचा सोमवारी फोन आला. त्याच्या ऑफिसात एक दक्षिण आफ्रिकेचा माणूस आहे, त्याच्याशी सकाळपासून जुंपलेली. पहिलंच वाक्य, "अरे, लुटलं आम्हाला." मग यादी सुरू. कर्णधार सॅम केनला आधी यलो कार्ड दिलं आणि मग तेच लाल केलं. पुरुषांच्या विश्वचषक फायनलमधलं हे पहिलं रेड कार्ड. पन्नासहून जास्त मिनिटं संघ चौदा जणांवर खेळला. नंतर दक्षिण आफ्रिकेचा कर्णधार सिया कोलिसी याचंही डोकं समोरच्याच्या डोक्याला लागलं, त्याचं कार्ड मात्र पिवळंच राहिलं. ॲरन स्मिथने ट्राय केला, तो टीव्हीवरच्या पंचाने, म्हणजे टीएमओ टॉम फोलीने, मागचं फुटेज बघून रद्द करायला लावला. "आणि शिट्टी कुणाची होती माहितेय ना? वेन बार्न्स. पुन्हा तोच!"

हे 'पुन्हा' समजून घ्यायचं तर सोळा वर्षं मागे जावं लागतं. ६ ऑक्टोबर २००७, कार्डिफ, क्वार्टर फायनल, न्यूझीलंड विरुद्ध फ्रान्स. बार्न्स तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा होता, पेशाने वकील. न्यूझीलंड १८-१३ ने पुढे असताना फ्रान्सच्या ट्रायलने मिशालाकला पास दिला, मिशालाक सुसाट सुटला आणि त्याने दिलेल्या चेंडूवर जोझिऑनने ट्राय केला. त्यावर कन्व्हर्जन झालं आणि २०-१८ ने ऑल ब्लॅक्स घरी. रग्बीत हाताने पास पुढे देता येत नाही, हा पहिला धडा. आणि तो पास पुढे होता.

इथे मेकॅनिकलवाल्यांनी जरा थांबावं, कारण गंमत पुढे आहे. समजा एक खेळाडू सेकंदाला आठ मीटरने पळतोय. त्याने स्वतःच्या मानाने सेकंदाला तीन मीटर वेगाने चेंडू मागे टाकला. जमिनीच्या मानाने चेंडू तरीही पाच मीटर वेगाने पुढेच जातो! अर्ध्या सेकंदात अडीच मीटर. टीव्हीवर आखलेल्या रेषा बघून अख्खं स्टेडियम बोंबलतं, पण पास नियमात असतो, कारण बघायचं असतं ते हात कुठल्या दिशेला गेले ते. रिलेटिव्ह व्हेलॉसिटी फर्स्ट इयरला शिकवतात तेव्हा बोटीचं आणि नदीचं उदाहरण देतात. त्याऐवजी रग्बी दाखवली तर निम्मा वर्ग जागा राहील. असो. मी ती क्लिप कितीतरी वेळा पाहिली आहे. ही सगळी सूट देऊनही ट्रायलचा तो पास पुढेच जातो. दादा इथे शंभर टक्के बरोबर आहे. शिवाय त्या काळी पास पुढे होता का हे टीव्हीवर तपासायची सोय नियमात नव्हती, म्हणजे बार्न्सला जे धावता धावता दिसलं तेवढंच.

पण मग मी दादाला विचारलं, मॅच अठरावर का अडकली? पूर्वार्धात १३-३ ने पुढे असलेला संघ होता हा. रोडनी सोओइआलोच्या ट्रायवरचं कन्व्हर्जन हुकलं, ते दोन गुण मिळाले असते तर २०-२० झालं असतं. आणि शेवटच्या मिनिटांत दोनच गुण मागे असताना ड्रॉप गोलला तीन गुण मिळतात हे त्यांना काय मी सांगायचं? चेंडू हातात, फ्रान्सच्या गोलाजवळ धडका मारतायत, पण कुणी मागे उभं राहून किक घ्यायला तयार नाही. एक प्रयत्न झाला, तोही फार लांबून. न्यूझीलंडच्या रग्बी मंडळाने त्या पराभवाचा स्वतंत्र अहवाल करवून घेतला, तो २००८ मध्ये आला. त्यात पंचांच्या कामगिरीवरही ठपका होता आणि ड्रॉप गोलसाठी खेळलं नाही यावरही. लोकांना त्यातला पहिला भागच पाठ आहे.

याची उलट बाजू फ्रेंचांना विचारा. २०११ ची फायनल ऑकलंडला झाली, न्यूझीलंडने फ्रान्सला ८-७ ने हरवलं. उत्तरार्धात रेफरी क्रेग जुबेरने आम्हाला हक्काची पेनल्टी दिली नाही म्हणून फ्रेंच चाहते अजून चरफडतात. दादाच्या यादीत ही मॅच नसते. मी आठवण करून दिली की तो म्हणतो, "नेटवर्क जातंय रे."

आता २०२३ कडे येतो, कारण तिथे प्रकरण जास्त गुंतागुंतीचं आहे. रद्द झालेल्या ट्रायच्या आधी लाइनआउटमध्ये आर्डी सावेआच्या हातून चेंडू पुढे पडला, हे फुटेजमध्ये दिसतं. म्हणजे चूक झाली होतीच. पण नियम असा की टीएमओने अशा चुकीसाठी ट्रायच्या आधीचे दोनच टप्पे मागे जायचं, आणि ही चूक त्याहून मागची. म्हणजे निर्णय खरा, पण तिथवर पोचायची वाट नियमाबाहेरची. व्हायवाला बाहेरच्या एक्झामिनरने सिलॅबसबाहेरचं विचारलं आणि आपलं उत्तर खरोखरच चुकलं, तर मार्क कापावेत का? यावर आमच्या विंगमध्ये एक रात्र वाद झाला. रग्बी न कळणारे जास्त तावातावाने बोलत होते.

मात्र त्यानंतर काही मिनिटांतच ब्यूडन बॅरेटने ट्राय केला. विश्वचषकाच्या फायनलमध्ये दक्षिण आफ्रिकेवर झालेला हा पहिलाच ट्राय. १९९५, २००७, २०१९ अशा तीन फायनल्समध्ये त्यांनी एकही होऊ दिला नव्हता. चौदा जणांनी तो केला, म्हणून मला तो संघ त्या रात्री जास्त आवडला. पण रिची मोउंगाचं कन्व्हर्जन मैदानाच्या कडेजवळून होतं, ते हुकलं. पुढे चेस्लिन कोल्बेला यलो कार्ड मिळालं, त्या पेनल्टीवर जॉर्डी बॅरेटने जवळजवळ पन्नास मीटरवरून किक मारली, तीही बाहेर. दोन अधिक तीन, पाच गुण. मॅच गेली एकाने. आणि दक्षिण आफ्रिकेने उत्तरार्धात एकही गुण केला नाही, त्यांचे सगळे बारा गुण हांद्रे पोलार्डच्या पूर्वार्धातल्या चार पेनल्टींचे. मग उरलेली चाळीस मिनिटं त्यांनी नुसती पाडापाडी केली. पीटर-स्टेफ डू टोइटने एकट्याने २८ टॅकल केले. अशा माणसासमोर हरलो म्हणायला लाज कसली? पण तसं कुणी म्हणत नाही. किक हुकलेला जॉर्डी आपला असतो ना. त्याला शिव्या देताना जीभ अडखळते, शिट्टीवाला मात्र कुणाचाच नसतो.

रग्बीची एक गोष्ट मला फार आवडते. रेफरीच्या अंगावर माइक असतो, तो काय बोलतोय ते घरी बसून ऐकू येतं. कार्ड का दिलं, काय बघितलं, सगळं उघड. कर्णधार येऊन विचारतो आणि उत्तर घेऊन परत जातो. रेफरीभोवती घोळका करायचा नाही. मैदानावरची शिस्त एवढी, आणि मैदानाबाहेर काय झालं? २००७ नंतर बार्न्सला जिवे मारण्याच्या धमक्या आल्या होत्या. २०२३ च्या फायनलनंतर पाचव्या दिवशी, २ नोव्हेंबरला, तो निवृत्त झाला. १११ आंतरराष्ट्रीय सामने, तोवरचा विक्रम. जाताना ऑनलाइन शिवीगाळीबद्दल बोलून गेला. डिसेंबरमध्ये फोलीनेही आंतरराष्ट्रीय सामने सोडले, कुटुंबापर्यंत पोचलेल्या धमक्या हे कारण होतं. हा तोच फोली, ज्याने फुटेजमध्ये खरी दिसणारी गोष्ट सांगितली.

ही बातमी मीच दादाला पाठवली. दिवसभर उत्तर आलं नाही. रात्री एवढंच आलं, "पोरंबाळं आहेत रे त्याला."

त्या वर्षीच्या गॅदरिंगला इंटर-डिपार्टमेंट फुटबॉलला शिट्टी वाजवायला कुणी मिळेना, तर मी उभा राहिलो. एका ऑफसाइडवरून माझ्या मागून जे काही ऐकू आलं ते इथे छापता येणार नाही, रेक्टर हे पान वाचतात. दुसऱ्या दिवशी मेसमध्ये एका सिनियरने माझ्या समोरचं ताट उचललं आणि पलीकडच्या टेबलावर जाऊन बसला. आठवडाभर बोलला नाही. यंदा पुन्हा कुणी मिळत नाहीये म्हणतात. मी नाव दिलंय.

दादाशी वाद अजून चालूच आहे. केनचा टॅकल रेड होता हे त्याने आता मान्य केलंय. जेसी क्रीलच्या दिशेने तो ताठ उभाच गेला, वाकायला वेळ असून वाकला नाही. गाडी अडलीय कोलिसीवर. मला वाटतं तो खाली वाकत होता आणि धडकेचा जोर कमी होता, म्हणून पिवळं बरोबर. दादा म्हणतो, डोक्याला डोकं लागलं की लागलं, जोर मोजायला काय स्पीडोमीटर लावलाय? गेल्या रविवारी त्याने स्लो मोशन क्लिप पाठवली, नवीन कोनातून. अजून पाहिली नाही, सबमिशन आहे. शुक्रवारनंतर बघतो.