मेघातले बिऱ्हाड

बिऱ्हाड या शब्दाला आपल्या इंदूरच्या मराठी घरांत एक वेगळेच वजन आहे. कोकणातून आणि देशावरून निघालेली आपली माणसे होळकरांच्या आश्रयाने माळव्यात आली. १८१८ च्या मंदसौरच्या तहानंतर राजधानी इंदुरास स्थिरावली, आणि तिच्या आधाराने कारकून, शिक्षक, वैद्य, भिक्षुक अशी कितीतरी घराणी येथे रुजली. आज ज्यांचे स्वतःचे वाडे वा बंगले आहेत, त्यांचीही सुरुवात बहुधा दोन खोल्यांच्या बिऱ्हाडानेच झाली असेल. जागा दुसऱ्याची, भाडे आपले, आणि आत मांडलेला संसार मात्र पुरता आपला.

गेल्या वर्षी, सत्तरी ओलांडल्यावर, मी असेच एक बिऱ्हाड पुन्हा थाटले. ही जागा मुंबईतल्या कुठल्याशा इमारतीत आहे. ती मी पाहिलेली नाही आणि पाहणारही नाही. लोक तिला क्लाउड म्हणतात. शब्दाचा अर्थ ढग असला तरी यात आकाशीचे काही नाही. मोठ्या थोरल्या यंत्रांनी भरलेली, रात्रंदिवस थंड ठेवलेली ती एक इमारत असते. एकेका यंत्राचे आज्ञावलीच्या भिंती घालून अनेक भाग पाडतात आणि प्रत्येक भाग स्वतंत्र संगणक असल्याप्रमाणे भाड्याने देतात. वाड्यात दहा बिऱ्हाडे असावीत, पण एकाला दुसऱ्याचे पातेले वाजलेलेही ऐकू येऊ नये, अशी ही व्यवस्था आहे.

या वयात हा उपद्व्याप कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे कारण आमच्या घरातील पत्रे. पणजोबांपासूनची सुमारे चारशे पत्रे आमच्या पेटीत आहेत आणि त्यांतील निम्म्याहून अधिक मोडीत आहेत. काही वर्षांपूर्वी त्यांची छायाचित्रे आम्ही एका विनामूल्य संकेतस्थळावर ठेवली होती. माझी थोरली बहीण, आमची आक्का, मोडी सहज वाचत असे. ती दर दुपारी एकेक पत्र वाचून त्याचे देवनागरी रूप आणि आपली टीप त्या छायाचित्राखालीच लिहून ठेवी. पुढे ती गेली. तिच्यामागोमाग त्या कंपनीनेही ती सेवा आठवड्याभराच्या सूचनेवर बंद केली. धावपळ करून जमेल तेवढे उतरवून घेतले, तरी सव्वाशे पत्रांवरच्या टिपा गेल्याच. छायाचित्रे घरी होती. मोडी वाचणारेही अजून मिळतात. पण पत्रातली ‘नानांची धाकटी’ म्हणजे नेमकी कोण, हे सांगणारे आता कोणी उरलेले नाही.

असे घडणारे आम्ही एकटेच नव्हतो. २००९ मध्ये जिओसिटीज मिटले, २०१४ मध्ये ऑर्कुट मिटले, आणि कितीकांनी हौसेने मांडलेली पाने त्यांच्यासोबत गेली. दुसऱ्याच्या ओसरीवर ठेवलेली वस्तू ओसरी मोडली की जाते, हा जगाचा जुना नियम येथेही लागू आहे.

बंगळूरला असलेला माझा पुतण्या या विषयातला जाणकार. मी भाड्याचे यंत्र घेऊन सर्व काही हाताने मांडणार, हे ऐकून तो म्हणाला, “काका, हाताने कशाला? एक बटण दाबले की सगळे तयार मिळते.”

“मिळत असेल. पण कुठे काय ठेवले आहे, ते मला कळेल का?”

“कळायची गरज काय?”

“हलवायची वेळ आली तर?”

तो क्षणभर थांबला. मग म्हणाला, “असे असेल तर आधी एक वही घ्या. जे जे कराल, ते ते लिहून ठेवा.”

या साऱ्या उद्योगात मला मिळालेला सर्वांत मोलाचा सल्ला हाच.

वहीचे पहिले पान किल्लीचे आहे. अशा यंत्रात दुरून प्रवेश करण्याची जी सुरक्षित रीत आज जगभर रूढ आहे, ती एसएसएच. हेलसिंकीच्या तंत्र विद्यापीठातील तातू यलोनेन यांनी ती १९९५ मध्ये रचली, कारण त्यांच्या विद्यापीठाच्या जाळ्यावर कोणीतरी लोकांचे परवलीचे शब्द चोरून ऐकत होते. या रीतीत किल्ल्यांची जोडी असते. एक सार्वजनिक, ती यंत्रावर ठेवायची. दुसरी खाजगी, ती आपल्या घरच्या संगणकाबाहेर जाऊ द्यायची नाही. मी तिला मनात कुलूप आणि किल्ली असे म्हणतो. कुलूप खुशाल कोणालाही द्यावे, किल्ली मात्र कनवटीलाच असावी. किल्लीची सोय झाल्यावर परवलीच्या शब्दाने आत येण्याची वाट बंद करून टाकली. ते किती अगत्याचे होते, हे यंत्राच्या नोंदवहीने दाखवले. यंत्र सुरू होऊन एक रात्रही उलटली नव्हती, तोच जगाच्या कानाकोपऱ्यांतून शेकडो अनोळखी हात दार ठोठावून गेले होते. त्यांत कोणाचे वैर नव्हते. आपोआप चालणाऱ्या आज्ञावल्या प्रत्येक दाराची कडी अशी हलवून पाहत असतात.

दुसरे पान दारांचे. अशा यंत्राला पासष्ट हजारांहून अधिक दारे असतात, त्यांना पोर्ट म्हणतात. आपल्याला लागतात तीन: बाविसावे स्वतःच्या येण्याजाण्यासाठी, ऐंशीवे आणि चारशे त्रेचाळिसावे वाचकांसाठी. बाकी सारी लावून घ्यायची. मात्र क्रम महत्त्वाचा. बाविसाव्या दाराला आधी परवानगी द्यावी आणि मगच पहारा बसवावा, नाहीतर घरमालकच बाहेर राहतो. माझ्या वहीत या पानाचे शीर्षक ‘दिंडी दरवाजा’ असे आहे. वाड्याचा मोठा दरवाजा बंद ठेवून त्यातल्या छोट्या दारातून ये-जा करणाऱ्या पूर्वजांना हे तत्त्व निराळे समजावून सांगावे लागले नसते.

तिसरे पान पाने वाढणाऱ्याचे, म्हणजे वेब सर्व्हरचे. वाचकाने पृष्ठ मागितले की ते शोधून त्याच्यापुढे ठेवणे, एवढेच त्याचे काम. १९९५ पासूनचा अपाची आणि इगोर सिसोयेव यांनी २००४ मध्ये सर्वांसाठी खुला केलेला एनजिनएक्स, हे त्यांतले दोन नामांकित. मी दुसरा निवडला. कारण साधे: तो थोडक्या स्मृतीत भागवतो आणि माझे बिऱ्हाड लहान होते. त्याला कोणत्या नावाने हाक आली असता कोणत्या कपाटातून काय द्यायचे, हे एका फाइलीत ओळीने लिहून द्यावे लागते. ओळीच्या शेवटी अर्धविराम नसेल तर तो काम नाकारतो. पण त्याची एक सोय फार आवडली. बदल लागू करण्यापूर्वी ‘हे तपासून पाहा’ असे त्याला सांगता येते आणि चूक असल्यास तो ओळीच्या क्रमांकासह सांगतो.

चौथे पान मात्र आपल्या भाषेचे आहे, म्हणून त्यावर थोडे रेंगाळतो. पत्रांची वाचने आणि टिपा ठेवण्यासाठी मारियाडीबी हे माहितीचे कोठार घेतले. मिकाएल विडेनियस या फिनलंडच्या गृहस्थांनी आधीच्या मायएसक्यूएलला थोरल्या मुलीचे आणि याला धाकट्या मुलीचे नाव दिले आहे. कोठारात अक्षरे कशी साठवायची, हे आरंभीच ठरवावे लागते. यूटीएफ-८ या पद्धतीत इंग्रजी अक्षराला एक बाइट पुरतो, देवनागरी अक्षराला तीन लागतात, आणि मोडीला चार. मोडीला युनिकोडमध्ये स्थान मिळाले ते २०१४ साली, अंशुमन पांडे यांच्या प्रस्तावावरून. ते मिळाले दूरच्या आळीत. या कोठारांतील जुनी ‘यूटीएफ८’ नावाची व्यवस्था तीनच बाइटांपर्यंत जागा देते. म्हणजे देवनागरी सुखाने नांदते आणि मोडी उंबऱ्याबाहेर राहते. त्यासाठी ‘यूटीएफ८एमबी४’ ही विस्तृत व्यवस्था लागते. पणजोबांच्या पत्राचा मोडी मायना जेव्हा पडद्यावर जसाच्या तसा उमटला, तेव्हा एवढ्या खटाटोपाचे सार्थक झाले असे वाटले.

पाचवे पान प्रमाणपत्राचे. वाचक आणि यंत्र यांच्यामधले बोलणे तिसऱ्याने ऐकू नये, यासाठी ते लागते. लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था २०१५ च्या अखेरीपासून ते सर्वांना विनामूल्य देते, पण थोड्या दिवसांच्या मुदतीने. नूतनीकरण यंत्राने आपले आपण करावे, अशी तजवीज करून ठेवली. सहाव्या पानावर नित्यनेम आहे: रोज रात्री सर्व मजकुराची एक प्रत इंदूरच्या घरी यावी आणि एक बंगळूरला जावी.

एवढे झाल्यावर पुतण्या म्हणाला, “काका, आता वहीची परीक्षा घ्या.” मी शेजारची मुलगी बोलावली. अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. घरी मराठी बोलते, वाचते मात्र अडखळत. तिच्यापुढे नवे कोरे यंत्र आणि माझी वही ठेवून मी गप्प बसलो. थोड्या वेळाने तिने विचारले, “आजोबा, हे ‘दिंडी दरवाजा’ म्हणजे फायरवॉल ना?” त्याखेरीज तिने काही विचारले नाही. संध्याकाळपर्यंत सारी पत्रे नव्या जागी मांडली गेली होती. संकेतस्थळाचे नाव आमच्याच नोंदणीत होते. ते जुन्या जागेवरून काढून नव्या जागेकडे वळवले, आणि दोन दिवसांनी जुने यंत्र सोडून दिले. न्यू जर्सीच्या भाचीला काही बदलले आहे, हे कळलेही नाही.

तेव्हा उमगले, की हाताने मांडण्यात माझ्या मालकीचे यंत्र झाले नाही, ते होणारही नव्हते. ही भाड्याची जागाही उद्या सुटेल. आमच्या मालकीची झाली ती मांडणी. आपले पूर्वज निघाले तेव्हा त्यांनी घरे आणली नाहीत. देव कुठे बसवायचे, चूल कोणत्या दिशेला, दाराची कडी केव्हा लावायची, एवढे त्यांच्याजवळ होते आणि तेवढ्यावर त्यांनी परमुलखात घर उभे केले.

आक्काच्या हरवलेल्या टिपा मात्र परत आल्या नाहीत. त्या जागी मी मोकळी चौकट ठेवली आहे. नात्यातले कोणी काही सांगितले की ते तेथे लिहितो. आजवर एकवीस चौकटी भरल्या. ‘नानांची धाकटी’ अजून रिकामी आहे. आपल्यापैकी कोणाच्या माळ्यावर पत्रांची पेटी असेल, तर यंत्र, किल्ली आणि कोठार यांचा विचार पुढे केव्हाही करावा. आधी पत्रातली माणसे कोण, ते घरातील वडीलधाऱ्यांना विचारून लिहून ठेवावे. त्याची दुसरी प्रत कुठल्याही मेघात मिळत नाही.